ट्रॅक कारचा डाउनफोर्स स्प्रिंगवरून कसा मोजायचा

मागे विंग लावली, पुढे स्प्लिटर (नाकाखालची आडवी फळी) बसवला आणि लॅप टाइम अर्ध्या सेकंदाने सुधारला. यात डाउनफोर्सचा, म्हणजे हवा गाडीला खाली दाबते त्या जोराचा, वाटा किती, नव्या टायरचा किती आणि ड्रायव्हरचा हात बसल्याचा किती, हे लॅप टाइमवरून कळत नाही. विंड टनेल बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. पण गाडीत चार स्प्रिंगा असतातच, आणि स्प्रिंग म्हणजे वजनकाटाच. हवेने गाडी खाली दाबली की स्प्रिंग दबते. ती किती मिलिमीटर दबली हे मोजायचं आणि एका मिलिमीटरला किती न्यूटन हे आधीच ठरवून ठेवायचं, एवढंच मूळ काम.

तरीही बहुतेकांचे आकडे चुकतात. सेन्सर स्वस्त होता म्हणून नाही, काट्याचा पासंग काढलेला नसतो म्हणून. १२०० किलोच्या गाडीवर दीड-दोनशे किलोंचा बदल शोधायचा असतो, आणि पेट्रोल, डॅम्परची (शॉक अब्सॉर्बरची) उष्णता, रस्त्याचा उतार, वारा, ब्रेक न लावताही होणारा पुढचा झोल यातली एकेक गोष्ट त्यातले पाच, दहा, तीस किलो गिळते. म्हणून इथे सेन्सरपेक्षा शून्य धरण्यावर जास्त लिहिलं आहे.

लागणारं सामान

प्रत्येक डॅम्परला समांतर एक लिनिअर पोटेन्शिओमीटर (सरळ रेषेतली हालचाल मोजणारा सेन्सर), असे चार. स्ट्रोक डॅम्परच्या पूर्ण प्रवासापेक्षा थोडा जास्त हवा, साधारण १०० ते १५० मिमी. दोन्ही टोकांना रॉड एन्ड (सगळीकडे फिरणारे गोल सांधे) लावा, नाहीतर बाजूचा जोर येऊन सेन्सरची दांडी वाकते. डॅम्परशी ५ अंशांचा तिरकेपणा असला तर चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, १० अंशांना दीड टक्का होते. पुढे सांगितल्याप्रमाणे गाडीवरच कॅलिब्रेशन केलं तर तीही त्यातच जिरते.

डेटा लॉगरला निदान सहा अ‍ॅनालॉग इनपुट हवेत: चार पोटेन्शिओमीटर, एक प्रेशर सेन्सर, एक राखीव. सेन्सरना लॉगरचाच स्थिर ५ व्होल्टचा पुरवठा द्या. गाडीचे १२ व्होल्ट रेग्युलेटरमधून घेऊन काम भागवायला जाऊ नका; फॅन सुरू झाला की शून्य हलतं. १०० मिमीचा सेन्सर १२ बिटच्या लॉगरवर ०.०२५ मिमीपर्यंत वाचता येतो, १० बिटवर ०.१ मिमीपर्यंत. रस्त्याचा थरथराट असतो आणि आपण शेकडो नोंदींची सरासरी घेतो, त्यामुळे १० बिटही चालतं. ५० हर्ट्झने नोंद पुरेशी आहे.

वेगासाठी १० हर्ट्झ किंवा त्याहून जलद जीपीएस. चाकाच्या सेन्सरवर भिस्त ठेवू नका, कारण वेगात टायर फुगतो.

आणि एक पिटो-स्टॅटिक नळी, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून तिचा वेग सांगणारी नळी. ही चैन समजून वगळली जाते, पण सगळ्या सामानात तिच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. डाउनफोर्स हवेच्या वेगावर ठरतो, रस्त्यावरच्या वेगावर नाही. २०० किमीच्या वेगाला समोरून १० किमीचा वारा आला तर डाउनफोर्स १० टक्के वाढतो. नळी नाकाच्या शक्य तितकी पुढे काढा, निदान पाऊण ते एक मीटर. पुढे काढणं जमत नसेल तर छतावर उंच काठीवर लावा. तिला जोडायचा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर निवडताना पल्ला पाहा. एमपीएक्सव्ही ७००२ हा सेन्सर २ किलोपास्कलला थांबतो, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे २०५ किमी वेगाला. एमपीएक्सव्ही ५००४ जवळपास ३.९ किलोपास्कल मोजतो, म्हणजे २८० किमीच्या पुढे जातो. तपासणीसाठी महागडं उपकरण नको: पारदर्शक नळीचा यू आकार, त्यात रंगीत पाणी, आणि एक सिरिंज. पाण्याच्या दोन पातळ्यांत १०० मिमी फरक म्हणजे ९८१ पास्कल. सेन्सर पाच-सहा पायऱ्यांवर ताडून पाहा आणि पाणी तसंच एक मिनिट राहतंय का बघा. पातळी सरकली तर नळीच्या जोडात गळती आहे.

याखेरीज चार वजनकाटे, विंगचा कोन बघायला डिजिटल इन्क्लिनोमीटर, आणि हवेचा दाब व तापमान दाखवणारा छोटा मापक. डॅम्परच्या दांडीला झिपटाय किंवा ओ-रिंग बांधून डाउनफोर्स कळतो हा समज सोडून द्या. ती फक्त सर्वांत मोठा धक्का दाखवते, आणि तो बहुधा कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा) असतो.

एका मिलिमीटरला किती न्यूटन

कागदावर हिशेब असा: स्प्रिंगचा दर गुणिले मोशन रेशो (चाक १ मिमी हललं की डॅम्पर किती मिमी हलतो ते). पुढे मॅकफर्सन स्ट्रट, स्प्रिंग ७० न्यूटन प्रति मिमी, मोशन रेशो ०.९५, म्हणजे डॅम्पर १ मिमी दबला की त्या चाकावर ६६.५ न्यूटन, दोन्ही चाकांचे मिळून १३३. दोन्ही चाकं सारखी दबत असताना अ‍ॅन्टी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडणारी, गाडीचं कलणं रोखणारी दांडी) काही करत नाही, म्हणून तो धरलेला नाही. पण रबरी बुश पिळल्यावर विरोध करतात, बम्प स्टॉप (प्रवासाच्या शेवटी धक्का झेलणारा रबर) कुठेतरी टेकतो, आणि स्प्रिंगवर छापलेला दर नेमका असेलच असं नाही. म्हणून हा आकडा फक्त अंदाज म्हणून जवळ ठेवा आणि खरा आकडा गाडीवर काढा.

गाडी समतल केलेल्या काट्यांवर घ्या, ड्रायव्हरच्या वजनाइतकं वजन सीटवर ठेवा. आता वाळूच्या २५ किलोच्या पिशव्या पुढच्या चाकांच्या रेषेवर एकेक करून चढवा. प्रत्येक पायरीला काट्यावरचं वजन आणि पोटेन्शिओमीटरचं वाचन लिहा. १५० किलोंपर्यंत जा, मग तशाच एकेक काढत खाली या. पिशवी नेमकी कुठे ठेवली याची चिंता नको, कारण हिशेब पिशवीच्या वजनावर नसून चाकाखालच्या काट्यावर आहे. हेच मागच्या बाजूला करा.

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. सस्पेन्शन दबताना दोन चाकांमधलं अंतर थोडं बदलतं. धावत्या गाडीत टायर ते सहज सोडून देतो, उभ्या गाडीत तो काट्याला चिकटून बसतो आणि गाडी खाली यायचीच थांबते. पिशवी ठेवली तरी पोटेन्शिओमीटर हलत नाही, आणि बॉनेटवर हाताने दाबलं की एकदम अर्धा मिलिमीटर घसरतं. उपाय: प्रत्येक काट्यावर पत्र्याचे दोन गुळगुळीत तुकडे ठेवा, मध्ये भरपूर ग्रीस, आणि चाक वरच्या पत्र्यावर. ग्रीस नसेल तर जाड प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये साबणाचं पाणीही चालतं. पिशवी ठेवल्यावर गाडी दोन-तीनदा हलक्या हाताने हलवा, थांबू द्या आणि मगच वाचन घ्या.

चढतीचं आणि उतरतीचं वाचन एकाच वजनाला वेगळं येईल. त्या दोघांमधली मधली रेषा धरायची. फरक ०.३ मिमी असेल तर ते सुमारे ४० न्यूटनचं घर्षण झालं. स्ट्रटच्या गाडीत एवढं असतंच, आणि धावताना रस्त्याच्या कंपनाने ते बरंचसं सुटतं. फरक १ मिमीच्या वर गेला तर मोजमाप थांबवून अडकलेला बुश किंवा वाकलेला स्ट्रट शोधा. कागदावरच्या १३३ च्या जागी पुढे १३८ आणि मागे १३५ च्या जागी १४२ आले, तर ते बुशचं काम, ठीक आहे. फरक १० टक्क्यांच्या वर असेल तर मोशन रेशो चुकलाय किंवा काहीतरी घासतंय.

आलेख शेवटी वाकत असेल तर तिथे बम्प स्टॉप सुरू होतो. त्या जागेची मिमीमध्ये नोंद ठेवा. धावताना सस्पेन्शन तिथे पोचलं आणि आपण सरळ रेषेनेच हिशेब केला, तर डाउनफोर्स खऱ्यापेक्षा कमी दिसेल.

रस्ता निवडणं

हा भाग घाईत उरकण्यासारखा नाही. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने वाढतो. रस्त्याच्या खोलगट भागातून जाताना गाडी दाबली जाते तो जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो. दोन्ही एकाच आलेखावर एकाच आकारात दिसतात, गणिताने ते वेगळे होत नाहीत. ३ किमी त्रिज्येचा खळगा डोळ्याला सपाट रस्ताच वाटतो; पण २०० किमी वेगाला १२०० किलोच्या गाडीवर तो १२०० न्यूटनच्या वर जोर देतो, चांगल्या विंगइतका. उलट दिशेने फेरी मारूनही तो जात नाही, कारण खळगा दोन्ही बाजूंनी खळगाच असतो.

सुटका सरासरीत आहे. एखाद्या लांब टप्प्याच्या सुरुवातीला आणि शेवटी रस्त्याचा उतार सारखाच असेल, तर मधल्या सगळ्या चढउतारांची सरासरी शून्याजवळ येते. ६०० मीटरच्या टप्प्यात दोन टोकांच्या उतारात ०.२ टक्के फरक असला तर २०० किमी वेगाला चूक फक्त १२ न्यूटन होते. १ टक्का फरक असला तर ६० न्यूटनच्या पुढे. म्हणून सरळ भाग चालून पाहा, डिजिटल लेव्हलने दर २० मीटरवर उतार लिहा, आणि टोकांचा उतार जुळेल असा ६०० ते ८०० मीटरचा टप्पा निवडा. दोन्ही टोकांना कोन (ट्रॅफिकचे शंकू) ठेवा. मोजमापाच्या सगळ्या फेऱ्या त्याच दोन कोनांमध्ये, त्याच रेषेवर.

भारतात याला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हाय-स्पीड ट्रॅक. मात्र तिथे फक्त सरळ भाग वापरायचा. वळणं बँक केलेली (आतल्या बाजूला कललेली) आहेत, आणि बँकेवर वळताना चाकांवर येणारा भार पुन्हा वेगाच्या वर्गानेच वाढतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला लांब सरळ भाग आहे, पण ट्रॅकला चढउतार आहेत, तेव्हा टप्पा पारखून घ्या. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेची पूर्ण लांबीच २.१ किमी आहे. तिथे वेग फार चढत नाही, त्यामुळे फेऱ्या जास्त लागतात. एक्स्प्रेसवे किंवा कुठलाही सार्वजनिक रस्ता यासाठी वापरायचा नाही, पहाटे रिकामा असला तरी.

वेळ मात्र पहाटेचीच. वारा पडलेला असतो. उजाडल्यापासून दोन-अडीच तास मिळतात, नंतर जमीन तापते आणि झोत सुरू होतात. समोरचा वारा दोन दिशांच्या सरासरीत जवळजवळ पूर्ण जातो: १० किमी वाऱ्यातही चूक पाव टक्काच उरते. बाजूचा वारा जात नाही. तो विंग आणि स्प्लिटर दोन्हींची कामगिरी बदलतो, म्हणून बाजूच्या वाऱ्यात गाडी परत ट्रेलरवर चढवलेली बरी.

फेऱ्या

आधी गाडी तापवा. गॅस भरलेल्या डॅम्परमध्ये आतला दाब दांडीला बाहेर ढकलत असतो. १४ मिमीच्या दांडीवर १० बारला हा जोर सुमारे १५४ न्यूटन. डॅम्पर २० अंशांवरून ७० अंशांवर गेला की तो १८० होतो. चारही चाकांचं मिळून सुमारे दहा किलोंचं उचलणं झालं, आणि तुम्ही बसाल विंग कमजोर म्हणून कोन वाढवत. पंधरा मिनिटं फिरवा, मग शून्य घ्या.

रिबाउंड डॅम्पिंग (डॅम्पर लांबतानाचा विरोध) सर्वांत सैल ठेवा. रिबाउंड बम्पपेक्षा (दबतानाच्या विरोधापेक्षा) बरंच घट्ट असेल तर खडबडीत रस्त्यावर गाडी प्रत्येक धक्क्याला थोडी दबते आणि पूर्ण वर यायच्या आत पुढचा धक्का येतो. सरासरी उंची खाली जाते, वेग वाढला की आणखी खाली. आलेखात हे हुबेहूब डाउनफोर्ससारखं दिसतं.

वेग स्थिर ठेवून मोजायचं की न्यूट्रलमध्ये गाडी सोडून? दोन्ही चालतं, पण आम्ही न्यूट्रलच सुचवू. स्थिर वेगाला मागची चाकं ड्रॅगइतका (हवा गाडीला मागे ओढते तितका) जोर पुढे लावत असतात, आणि सस्पेन्शनची अ‍ॅन्टी-स्क्वॉट भूमिती (वेग घेताना मागचा भाग खाली बसू नये अशी दांड्यांची रचना) त्यातला काही जोर स्प्रिंगला चुकवून सरळ बॉडीत पोचवते. स्प्रिंग मग चाकावरचा खरा भार सांगत नाही. न्यूट्रलमध्ये ही भानगड उरत नाही. इंजिन बंद करायचं नाही, कारण ब्रेक बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग त्यावर चालतात. फक्त क्लच दाबून गिअर काढायचा. ज्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगात न्यूट्रल चालत नाही, तिथे स्थिर वेगाची पद्धत घ्या आणि फक्त दोन सेटअपमधली तुलना करा, एकूण आकड्यावर भर देऊ नका.

२१० वरून ६० किमीपर्यंत एकाच दमात गाडी सोडली तर १२०० किलोच्या, बऱ्यापैकी विंगच्या गाडीला सुमारे २.३ किमी लागतात. एवढा सपाट रस्ता कुठून आणायचा? म्हणून तीन तुकडे करा: २१० ते १५०, १५० ते १००, १०० ते ६०. प्रत्येकाला साधारण ७५० ते ८०० मीटर लागतात, त्यामुळे तिन्ही तुकडे त्याच दोन कोनांमध्ये बसतात. जोडीला ५० किमीच्या स्थिर वेगाची एक संथ फेरी. हे सगळं दोन्ही दिशांनी केलं की एक संच झाला. असे निदान तीन संच घ्या.

संथ फेरी हाच पासंग. ती प्रत्येक संचाच्या आधी आणि नंतर घ्यायची, कारण मधल्या काळात पेट्रोल जळतं, लिटरमागे सुमारे पाऊण किलो, आणि डॅम्परचं तापमान सरकतं. आधीचं आणि नंतरचं शून्य वेगळं आलं तर मधल्या फेऱ्यांना वेळेच्या प्रमाणात वाटून घ्या. उभ्या गाडीवर शून्य घेऊ नका. टायर जमिनीला चिकटलेला असतो आणि कॅलिब्रेशनमधला तोच घोटाळा परत होतो.

ड्रायव्हरला एवढंच सांगा: स्टीअरिंग सरळ, पाय ब्रेकवरून दूर, कोनाच्या किमान ५० मीटर आधी गिअर काढलेला हवा, आणि गाडीने ओढ खाल्ली तर फेरी सोडून द्यायची. वेगात अनुभवी ड्रायव्हर, रोल केज आणि हेल्मेट याला पर्याय नाही.

हिशेब

प्रत्येक फेरीतून एकच बिंदू काढायचा. दोन कोनांमधल्या सगळ्या नोंदींची सरासरी: पुढच्या दोन डॅम्परची एक, मागच्या दोनची एक, आणि डायनॅमिक प्रेशरची (हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाची) एक. पिटो नळीला हे प्रेशर थेट मिळतं. नळी नसेल तर ०.५ गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. वर्ग आधी, सरासरी नंतर.

घनता काढताना मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरचा दाब वापरू नका. तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीला, खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि अ‍ॅप १०१० च्या घरातला आकडा दाखवतं. इथेच सहा टक्के गेले. पहाटे २० अंशांना तिथली घनता सुमारे १.१३ किलो प्रति घनमीटर, दुपारी ३८ अंशांना १.०६.

आता आडव्या अक्षावर डायनॅमिक प्रेशर, उभ्या अक्षावर डॅम्परचं दबणं, आणि बिंदूंमधून सरळ रेषा. रेषेचा चढ महत्त्वाचा. चढ गुणिले कॅलिब्रेशन म्हणजे डाउनफोर्सचा गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार, चौरस मीटरमध्ये. याला आपण सीएलए म्हणू. रेषा शून्यातून गेलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. उरलेला पासंग, रोलिंग रेझिस्टन्सचा परिणाम हे सगळं तिच्या सुरुवातीच्या उंचीत पडतं आणि चढाला लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. १००० पास्कलला पुढचे डॅम्पर ३.१ मिमी आणि मागचे ४.२ मिमी दबले. पुढे १३८ ने गुणून ४२८ न्यूटन, म्हणजे ०.४२८ चौरस मीटर. मागे १४२ ने गुणून ५९६ न्यूटन, म्हणजे ०.५९६. एकूण १.०२४, त्यात पुढचा वाटा ४२ टक्के. छान समतोल वाटतो, आणि साफ चुकीचा आहे.

न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी ड्रॅगमुळे मंदावत असते, आणि मंदावताना भार पुढे जातो, हलका ब्रेक लावल्यासारखा. हा भार हवेने टाकलेला नाही. तो काढायचा हिशेब: वस्तुमान गुणिले मंदावण्याचा दर गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). मंदावण्याचा दर त्याच फेऱ्यांच्या जीपीएसमधून येतो. तोही डायनॅमिक प्रेशरच्या विरुद्ध मांडा आणि त्या रेषेचा चढ घ्या. आपल्या गाडीत तो वस्तुमानाने गुणून ड्रॅगच्या ०.८५ चौरस मीटरइतका निघाला, उंची ०.४८ मीटर, व्हीलबेस २.५ मीटर. ०.८५ गुणिले ०.४८ भागिले २.५ म्हणजे ०.१६३. पुढून वजा, मागे अधिक. पुढे ०.२६५, मागे ०.७५९. एकूण तेवढाच, १.०२४, पण पुढचा वाटा २६ टक्के. ४२ समजून विंगचा कोन आणखी वाढवला असता तर वेगवान वळणात गाडी नाकाने सरळच गेली असती.

दुरुस्तीनंतरचा हा आकडा विंड टनेलमध्ये जमिनीच्या पातळीवर मोजतात त्याच्याशी जुळणारा आहे, कारण ड्रॅग गाडीला मागे रेलवतो तो परिणाम दोन्हींकडे धरलेला असतो. म्हणून सीएफडीशी (हवेच्या प्रवाहाच्या संगणकावरच्या गणिताशी) तुलना करायची तर हाच वापरा.

किलोमध्ये सांगायचं तर १.०२४ ला १.१३ घनतेत २०० किमी वेगाला सुमारे १८२ किलो मिळतात, समुद्रसपाटीच्या १.२२५ घनतेत १९७. तीच गाडी, तोच वेग, फरक १५ किलो. म्हणून कुणी नुसते किलो सांगितले तर वेग आणि घनता विचारा, किंवा सीएलएच मागा.

रेषा वाकली तर

वरच्या वेगाला बिंदू रेषेच्या खाली पडले तर आधी बम्प स्टॉप बघा. तो नसेल तर विंग वाकून कोन घटतोय किंवा स्प्लिटर खाली लवतोय. एक छोटा कॅमेरा विंगच्या टोकाकडे लावा आणि मागे पट्टीच्या खुणा ठेवा, लगेच दिसतं. विंगच्या खालच्या बाजूला पाच-सात सेंटिमीटर लोकरीचे धागे चिकटवा; मागच्या धारेजवळचे धागे फडफडत उलटे फिरले तर प्रवाह सुटलाय, कोन कमी करा.

बिंदू वर पडले तर बहुतेक वेळा ते खरं असतं. गाडी खाली बसली की स्प्लिटर आणि डिफ्यूझर (गाडीच्या तळाचा मागे वर चढत जाणारा भाग) जमिनीजवळ येऊन जास्त ओढतात. अशा गाडीला एकच सीएलए नसतो, राइड हाइटप्रमाणे तो बदलतो. मग आकड्यासोबत पुढची-मागची उंची लिहून ठेवा.

दोन दिशांचे बिंदू कायम वेगळे पडत असतील तर पिटो नळीची जागा वाईट आहे किंवा बाजूचा वारा आहे. एकाच बाजूचा डॅम्पर वेगळं सांगत असेल तर रस्त्याला आडवा उतार आहे. डाव्या-उजव्याची सरासरी घेतल्यावर तो निघून जातो.

बदल तपासताना

विंगचा कोन २ अंशांनी वाढवला, १० मिमीचा गर्नी फ्लॅप (विंगच्या मागच्या धारेवरची उभी पट्टी) लावला, असे बदल तपासायला क्रम असा ठेवा: मूळ सेटअप, बदललेला, पुन्हा मूळ. दोन मूळ संचांमध्ये जो फरक येतो ती तुमच्या काट्याची चूक. बदलाचा परिणाम त्याच्या दुप्पटही नसेल तर निष्कर्ष काढू नका, आणखी संच घ्या. या तुलनेत रस्त्याचा खळगा, कॅलिब्रेशनची छोटी चूक, नळीची जागा ही सगळी दोन्हीकडे सारखीच असल्याने कटून जातात, त्यामुळे फरकाचा आकडा एकूण आकड्यापेक्षा नेहमी जास्त भरवशाचा असतो. विंगचा कोन दर वेळी त्याच खुणेवर मोजा, गाडी समतल जागी असताना. आणि विंग वाढवल्यावर मागचा आकडा वाढून पुढचा घटलेला दिसला तर दचकू नका. विंग मागच्या चाकांच्याही मागे लटकलेली असते, तिच्या जोराने नाक थोडं उचललं जाणारच.

ही पद्धत जिथे चालत नाही

स्प्रिंगला फक्त बॉडीवरचा जोर दिसतो. १९६६ च्या चॅपरल २ई या गाडीत जिम हॉल यांनी विंगचे खांब थेट मागच्या हबवर (चाकाच्या मध्यभागी) टेकवले होते. तिथे डाउनफोर्स स्प्रिंगला न शिवता टायरवर जातो, डॅम्परचा पोटेन्शिओमीटर हलतही नाही. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या काही गाड्यांतही विंग अशीच अपराइटवर (चाक धरणाऱ्या भागावर) बसवतात. भारतातल्या अशाच फॉर्म्युला भारत स्पर्धेला जाणाऱ्या टीमनी पोटेन्शिओमीटर विकत घेण्याआधी आपली विंग कशावर बसली आहे ते पाहावं. अशा गाडीत विंगच्या खांबांत लोड सेल (जोर मोजणारे सेन्सर) घालावे लागतात, प्रत्येक खांबाला एक, वर-खाली रॉड एन्ड लावून, म्हणजे सेलवर सरळ ओढ-दाबच येईल. त्यांचा पासंगही संथ फेरीतच घ्या, विंगचं स्वतःचं वजन आणि रस्त्याचे धक्के दोन्ही त्यात असतात.

साध्या गाडीतही खांबातला लोड सेल फक्त विंगचा जोर सांगतो. विंग पुढच्या छतावरचा आणि डिकीवरचा प्रवाहही बदलते, त्यामुळे गाडीला मिळणारा एकूण फायदा त्याहून वेगळा असू शकतो. दोन्ही मोजता आले तर सोन्याहून पिवळं: खांबावर ७० किलो आणि मागच्या चाकांवर त्याहून बरेच कमी किलो वाढलेले दिसले, तर नाक उचलल्याचा हिशेब धरूनही आकडा उलटा पडतोय, आणि बिघाड विंगमध्ये नसून तिच्या खालून जाणाऱ्या हवेत शोधायला हवा.